वाळवंटातले मीठ

आपल्या मराठी भाषेने उंटावर थोडा अन्यायच केला आहे. एखाद्या शहाण्याची टिंगल करायची झाली की आपण त्याला नेमके उंटावर नेऊन बसवतो. आणि आळशी कारभाऱ्याला शेळ्या हाकायच्या असल्या तर त्याही तो उंटावरूनच हाकतो. शाळेतल्या पुस्तकातली ती अरबाची गोष्ट आठवते ना? तंबूत आधी नाक, मग मान, मग पाय आणि शेवटी बिचारा अरब बाहेर थंडीत! नाही म्हणायला पेशवाईच्या कागदपत्रांतून सांडणीस्वार धावत असतात. तातडीचा खलिता त्यांच्याच हाती जाई. पण तिथेही आपले सगळे लक्ष खलित्याकडे. सांडणीकडे कोण बघतो?

या जनावराचा आणि त्याच्या धन्याचा खरा मान पाहायचा तर त्यांच्या माहेरी जायला हवे. आम्ही गेलो ते त्या माहेराच्या उत्तरेकडल्या शिवेवर, जॉर्डन देशाच्या दक्षिण टोकाला असलेल्या वादी रम नावाच्या वाळवंटात. गेलो होतो उंटावर बसायला आणि वाळूत पुरून शिजवलेले जेवण जेवायला. परतताना मात्र मनात उंट कमी आणि मीठ जास्त होते. ते कसे, तीच हकीकत सांगायची आहे.

लाल समुद्राच्या आखातावर अकाबा नावाचे बंदर आहे. तिथून मोटारीने तासाभरात वादी रम येते. राजधानी अम्मानहून निघालात तर सव्वातीनशे किलोमीटर पडतात. वादी म्हणजे कोरड्या नदीचे खोरे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. इथे तसे नाही. लालसर गुलाबी वाळूचे सपाट मैदान आणि त्यातून एकदम भिंतीसारखे उठलेले वालुकाश्माचे कडे. लोखंडाच्या गंजाने दगडाला आणि वाळूला हा रंग आला आहे. त्यातला जबल रम हा डोंगर १,७३४ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा सरसच. दक्षिणेकडचा जबल उम्म अद-दामी १,८५४ मीटरचा आणि साऱ्या जॉर्डनमध्ये सर्वांत उंच. या प्रदेशाला २०११ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घातले. वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्याही आत. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, यावरून काय तो अंदाज करावा.

मग इथे माणूस राहिला कसा? त्याचे उत्तर दगडात आहे. वरचा वालुकाश्म सच्छिद्र. पडेल तो थेंब तो पिऊन घेतो. खाली काळा-करडा ग्रॅनाइट; तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. तेव्हा जिथे हे दोन खडक भेटतात त्या सांध्यातून, डोंगराच्या कमरेला, कुठे कुठे पाणी पाझरते. अशा झऱ्यांच्या आधाराने दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोकांनी इथे देऊळ बांधले, धूप-मसाल्यांचे तांडे इथून गेले, आणि १९१७ साली तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरबांच्या उंटस्वारांनी इथे तळ टाकले. त्या उठावातला इंग्रज अधिकारी लॉरेन्स याच्यावरचा १९६२ सालचा गाजलेला चित्रपट याच वाळूत चित्रित झाला. २०१५ साली एका चित्रपटासाठी हेच वाळवंट मंगळ ग्रह म्हणूनही उभे राहिले. कड्यांवर प्राचीन काळचे सुमारे वीस हजार लेख आणि पंचवीस हजार चित्रे कोरलेली आहेत. लेख बहुतेक साधे: मी अमुक, तमुकाचा मुलगा. आणि चित्रांत जिकडे तिकडे उंट. गेलेल्या माणसाने आपले नाव आणि आपले जनावर, एवढेच मागे ठेवावे, ही कल्पना मला फार आवडली.

आम्ही तिघे होतो: मी, आमच्या सौभाग्यवती आणि माझी मावशी. मावशी अमळनेरची, वय अडुसष्ट, गळ्यात तुळशीची माळ. पंढरीच्या बावीस वाऱ्या पायी केलेली बाई. उंटाला काय भिणार? प्रश्न वेगळाच होता. माळकरी बाई बेदुईनांच्या पंगतीत जेवणार काय? "भाकरी तर करत असतील ना ते लोक? मग झालं," असे म्हणून मावशीने तो निघतानाच निकालात काढला होता.

आमच्या यजमानांचे घर तीन पिढ्यांचे. थोरले आजोबा, त्यांना सगळे मानाने 'हज' म्हणत, म्हणून आम्ही त्यांना हाजीबाबा म्हणू लागलो. त्यांचा कर्ता मुलगा. पाहुण्यांची नोंदणी, मोटार, मुक्कामाचे तंबू हा सगळा कारभार त्याचा, आणि त्याचे इंग्रजी उत्तम. आणि बारा वर्षांचा नातू. त्याच्या हाती उंटांच्या दोऱ्या. बेदुईन हा शब्द आपण परक्यांनी केलेला. ते स्वतःला बदू म्हणवतात. बादिया म्हणजे ओसाड रान, तिथे राहणारा तो बदू. रानात राहणारे, पाण्यामागे आणि चाऱ्यामागे कळप घेऊन फिरणारे असे हे लोक. आपल्या धनगरांचा वाडा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे निम्मी ओळख झाली.

उंट गुडघे मोडून बसलेला असतो तेव्हा तो अगदी सोसवेल इतका उंच असतो. खरी परीक्षा तो उठतो तेव्हा. आधी मागचे पाय ताठ होतात आणि स्वार नाकावर पडतो की काय असा पुढे झुकतो. मग पुढचे पाय उठतात आणि तो तितक्याच जोराने मागे जातो. सौभाग्यवतींनी डोळे मिटून घेतले. मावशीने "पांडुरंगा!" म्हटले आणि मग वरून चारी दिशांना असे पाहिले, की जणू ही जागा तिच्याचसाठी राखून ठेवलेली होती.

खोगीर म्हणजे मदारीवर बसवलेला लाकडी सांगाडा. पुढे एक खुंट, मागे एक खुंट, मध्ये घोंगड्यांच्या घड्या आणि दोन्ही बाजूंना लोकरीची विणलेली, गोंडे लावलेली पडशी. एक पाय पुढच्या खुंटाला वेढा घालून ठेवायचा आणि अंग सैल सोडायचे. अंग आखडले की संपले. घोडा चालताना एका अंगाचा पुढचा पाय आणि दुसऱ्या अंगाचा मागचा, अशी काहीशी आळीपाळी असते. उंट एकाच अंगाचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलतो, म्हणून वरचा माणूस होडीत बसल्यासारखा डावी-उजवीकडे डुलत राहतो. तासाला पाचेक किलोमीटर ही त्याची चाल. तो घाई करत नाही आणि थांबतही नाही.

या जनावराची घडणच अजब आहे. मदारीत पाणी असते ही समजूत चुकीची; तिथे असते चरबी, म्हणजे दुष्काळासाठी बांधून ठेवलेली शिदोरी. पाण्याची काटकसर दुसऱ्याच युक्तीने होते. उन्हात आपले अंग तापू लागले की आपल्याला लगेच घाम येतो. तहानलेला उंट मात्र अंग तापू देतो. पहाटे चौतीस अंशांवर असलेले त्याचे शरीर दुपारी चाळिसाच्या वर जाते, आणि साठलेली ती उष्णता तो रात्रीच्या थंडीत सोडून देतो. घाम वाचला म्हणजे पाणी वाचले. आणि पाणी मिळाले की मग हिशेब चुकता: दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर! नाकपुड्या हव्या तेव्हा मिटतात, पापण्यांना दुहेरी झालर, पायाचे तळवे भाकरीसारखे रुंद. सांडणी तेरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते; म्हणून उंटाचे धन सावकाश वाढते आणि चुकूनही कोणी ते उधळत नाही. प्रत्येक टोळीचा डाग वेगळा. तो उंटाच्या कातड्यावर असतो आणि तोच कधी खडकावरही कोरलेला दिसतो.

वाटेत शेळ्यांचा एक कळप भेटला. मी मोठ्या उत्सुकतेने पाहू लागलो, की आता आपली म्हण प्रत्यक्षात दिसते काय. शेळ्या पुढे, आणि त्यांच्या मागे हळूहळू चालणारी एक पांढरी मोटार. आत बसलेला राखणदार खिडकीतून हात काढून त्यांना वळवत होता. उंटावरून शेळ्या हाकणे इथेही इतिहासजमा झाले म्हणायचे! आमच्या बारा वर्षांच्या सारथ्याने त्या मोटारीकडे अशा नजरेने पाहिले, की त्याचा जीव कशात आहे हे विचारायची गरज उरली नाही.

दिवस कलायला आम्ही मुक्कामावर पोचलो. पाहुण्यांसाठी मुलाने बांधलेले तंबू कड्याच्या कुशीत एका ओळीत होते. थोडे पलीकडे हाजीबाबांचा स्वतःचा, काळा. त्याला ते 'केसांचे घर' म्हणतात, आणि ते खरेच केसांचे असते. शेळीच्या केसांच्या पट्ट्या बायका जमिनीवर ठोकलेल्या मागावर विणतात आणि शिवून तंबू करतात. उन्हात वीण सैल राहते आणि वारा खेळतो. पाऊस आला की केस फुगतात, छिद्रे बुजतात आणि पाणी आत येत नाही. आपल्या घोंगडीचा हा मोठा भाऊच. मध्ये एक पडदा. अलीकडे पुरुष आणि पाहुणे, पलीकडे बायका आणि स्वयंपाक. मावशी आणि सौभाग्यवती पडद्यापलीकडे गेल्या. मी विस्तवाशी बसलो.

आता एक गंमत सांगतो. मुक्काम ठरवताना मुलाने आमची नावे, गाव, पारपत्रांचे क्रमांक, येण्याची वेळ, सगळे मागवून घेतले होते. आजकाल ते करावेच लागते. हाजीबाबांनी मात्र आम्हांला काहीसुद्धा विचारले नाही. कुठले, कोण, कशाला आलात, काही नाही. त्यांनी कच्च्या कॉफीच्या बिया लोखंडी पळीत परतल्या, लाकडी उखळात टाकल्या आणि कुटायला लागले. ते कुटणेही साधे नव्हते. त्याला ठेका होता. पूर्वी हा ठेका रानात दूरवर ऐकू जाई आणि ऐकणाऱ्याला कळे, की इथे विस्तव पेटला आहे, या. मग वेलदोडे घातलेला तो कहवा उकळला. आधी थोडा त्यांनी स्वतः घेतला. का, तर पाहुण्याची खात्री पटावी की यात विष नाही. मग डाव्या हाती कहवादाणी, उजव्या हाती बिनकानाचा इवलासा पेला. पेल्याच्या तळाशी दोन-तीन घोटच. भरून दिला तर 'पी आणि चालता हो' असा त्याचा अर्थ! पहिला पेला पाहुण्याचा, दुसरा आनंदाचा आणि तिसरा तलवारीचा, म्हणजे आता संकट आले तर तू आणि मी एका बाजूला. पुरे झाले की तोंडाने बोलायचे नाही. पेला बोटांत धरून नुसता हलवायचा.

तिसरा पेला हलवून परत दिला तेव्हा कुठे हाजीबाबांनी मुलामार्फत विचारले, "प्रवास सुखाचा झाला ना?" नाव अजून नाहीच.

मी मुलाला म्हटले, "तुमच्याकडे तर आमची सगळी कुंडली आहे. वडिलांना सांगितली नाहीत का?"

तो हसला. "सांगू लागलो होतो. ते म्हणाले, मला नको. पाहुण्याचे नाव तीन दिवस विचारायचे नसते."

हे मी पुस्तकात वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि समोर बसून त्या न विचारण्याचा पाहुणचार घेणे वेगळे. बदूंचा रिवाज असा, की दारी आलेल्याला तीन दिवस आणि वर थोडा वेळ आसरा मिळतो. तेवढे दिवस तो कोण, कुठला, कशासाठी आला हे विचारायचे नाही. तो वैरी असला तरी तंबूचा दोर धरून आत आला की यजमानाच्या जिवावर त्याचे रक्षण. त्याच्या पोटात यजमानाचे अन्न आहे तोवर त्याला धक्का लागला तर तो यजमानाच्या अब्रूला लागला. या नात्याला ते 'भाकरी आणि मीठ' म्हणतात. आपणही म्हणतो की, खाल्ल्या मिठाला जागावे. पण आपल्याकडे मीठ खाल्लेला चाकर धन्याला जागतो. इथे मीठ घालणारा धनी पाहुण्याला जागतो.

"असे का?" मी हाजीबाबांना विचारले.

त्यांनी विस्तवात एक काटकी सरकवली. "या डोंगराला झरा आहे. त्या पलीकडच्या डोंगराला नाही. आज तुम्ही तहानलेले, उद्या मी. पाणी देण्याआधी मी तुमचे नाव विचारले, तर उद्या तुम्ही माझे विचाराल. मग या रानात एक जण तरी जिवंत राहील का?"

मला वाटते, इतके सोपे उत्तर कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. आपण ज्याला बदूंचे मोठे मन म्हणतो ते मन तर आहेच. पण त्याआधी तो कायदा आहे. दगडातून पाझरणाऱ्या पाण्याने तो लिहिलेला आहे. शेवटी प्रत्येकजण कधीतरी पाहुणा असतो, या एका जाणिवेवर तो उभा आहे.

एवढ्यात पडद्यापलीकडून हसण्याचा मोठा कल्लोळ उठला. प्रकार असा झाला होता. घरातली आजी 'श्राक' नावाची पातळ रोटी करत होती. कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलत, फिरवत, पडद्याएवढा पातळ करायचा आणि पालथ्या घुमटाकार लोखंडी तव्यावर टाकायचा. आमची खानदेशची मावशी हे पाहून गप्प बसते होय! "अगं बाई, हे तर आमचे मांडे!" म्हणत तिने बाह्या सरसावल्या. खानदेशात पुरण भरलेला मांडा असाच हातांवर फिरवून पालथ्या खापरावर टाकतात. मावशीने गोळा घेतला, फिरवला, आणि तव्यावर असा बरोबर पसरला, की आजीने तिच्या पाठीवर थापच मारली. दोघींना एकमेकींची एक अक्षर भाषा येत नव्हती. त्यावाचून दोघींचे काही अडलेही नाही.

पण खरी अडचण पुढेच होती. दुपारी वाळूत खड्डा करून त्यात लाकडे पेटवली होती. निखारे झाल्यावर लोखंडी मजल्यामजल्यांची एक जाळी आत सोडली: खाली बटाटे, कांदे, गाजरे, वर कोंबडी आणि बकऱ्याचे मांस. वर झाकण, त्यावर घोंगडी आणि त्यावर वाळू. याला 'जर्ब' म्हणतात. भांडी थोडी, लाकूड त्याहून थोडे, आणि वारा सदा वाहता. तेव्हा ऊब वाळूतच कोंडायची ही युक्ती. दोन-तीन तासांनी वाळू बाजूला केली, झाकण उचलले, आणि त्या वासाने सगळा मुक्काम गोळा झाला. मोठ्या परातीत खाली श्राक, त्यावर भात, त्यावर मांस, आणि वरून 'जमीद'चे पातळ. शेळी-मेंढीच्या दह्यातले लोणी काढून उरलेले ताक गाळायचे, मीठ घालायचे, गोळे करून उन्हात दगडासारखे वाळवायचे, ते जमीद. पाण्यात कालवून आटवले की आंबट-खारट दाट कढीच. ही जमीद आणि भाताची परात म्हणजे तिथले राजमान्य पक्वान्न 'मन्सफ'. २०२२ साली त्याचीही युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. ते मांस जमिदीत शिजवतात. आमच्यासाठी जर्ब आणि जमीद यांचा असा मिलाफ केला होता.

परातीभोवती बसायचे, डावा हात मागे, उजव्या हाताने घास वळायचा. यजमान जेवायला बसत नाही. तो उभा राहून वाढतो आणि पाहुण्यांच्या मागून जेवतो. आपल्यासारखा 'घ्या हो, घ्याच हो' असा तोंडी आग्रह नाही. चांगला तुकडा दिसला की हाजीबाबा तो मुकाट्याने आमच्या बाजूला सरकवत. असाच एक त्यांनी मावशीपुढे सरकवला.

मावशीने हात जोडले. मुलाने वडिलांना सांगितले, की या बाई मांस खात नाहीत. त्यांच्या धर्माची माळ आहे. हाजीबाबांचा चेहरा उतरला. पाहुणा न जेवता उठला तर तो पाहुणा झालाच नाही. मग त्याचे रक्षण तरी कोणत्या नात्याने करायचे? मुलगा म्हणाला, "खड्ड्यातले बटाटे आहेत, ते देऊ." हाजीबाबा म्हणाले, "ते मांसाखाली शिजलेत." आणि ते उठून अंधारात गेले.

परत आले ते ओंजळीत कणकेचा जाड गोळा घेऊन. विस्तवाची राख बाजूला करून त्यांनी तो निखाऱ्यांखाली पुरला. वीसेक मिनिटांनी काढला, काठीने झटकला, हाताने राख पुसली. याला ते 'अर्बूद' म्हणतात. कळपामागे फिरणाऱ्याचे ते जेवण, भांडे न लागणारे. आपल्या विदर्भातला रोडगा म्हणा ना. तो गरम गरम फोडून, कुस्करून, त्यावर शेळीचे तूप ओतून त्यांनी मावशीपुढे ठेवला आणि शेजारी चिमूटभर मीठ. मावशीने मीठ लावून पहिला घास घेतला. सारे जण तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"मलिद्यासारखं लागतं," ती म्हणाली. "सांगा त्यांना, पोटभर जेवणार."

तेव्हा हाजीबाबा हसले आणि तिला म्हणाले, "हज्जा, आता तू या घरची." हज्जा म्हणजे हजची यात्रा केलेली, वडीलधाऱ्या बाईला मानाने तसे म्हणतात. मावशीला अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या बावीस वाऱ्या झाल्यात. म्हणू देत खुशाल!"

जेवणानंतर बापलेकांत थोडे बोलणे झाले. सूर चढला नाही, पण काहीतरी दुखरे निघाले होते. मी विचारल्यावर मुलाने मोकळेपणी सांगितले. त्याला उरलेल्या चाळीस शेळ्या आणि दोन उंट विकून आणखी तंबू बांधायचे होते. वडील नको म्हणत होते. त्याचे म्हणणे काही खोटे नव्हते. चारा विकत आणावा लागतो, शेळी ते फेडत नाही. एका रात्रीचे पाहुणे महिन्याच्या दुधापेक्षा जास्त देतात. पोरांची शाळा गावात आहे, आणि पूर्वीसारखे कळपामागे महिनोन् महिने कोण फिरणार?

वडिलांचे म्हणणेही खोटे नव्हते. २०२० साली साथ आली आणि पाहुणे एकदम थांबले. सगळे तंबू रिकामे. पुन्हा माणसे येऊ लागली, तोच २०२३ च्या अखेरीस शेजारी गाझात युद्ध पेटले आणि परदेशी प्रवाशांनी जॉर्डनकडेही पाठ फिरवली. "तेव्हा आपण काय खाल्ले?" हाजीबाबांनी मुलाला विचारले. "शेळीचे दूध आणि तिची जमीद." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहुणा पैसे देतो, ठीक आहे. तंबूचे, मोटारीचे, उंटाचे द्या. पण ज्याच्या घरात स्वतःचे काही नाही, तो पाहुण्याला वाढणार काय? बाजारातून आणलेले?"

मी गप्प राहिलो. या प्रश्नाला दोन्ही बाजू होत्या, आणि मी ज्या बाजूला बसलो होतो ती पैसे मोजून आलेल्याची होती. पाण्याचेही तेच झाले आहे. या भागाच्या पोटात दीसीचा प्रचंड भूजलसाठा आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचा. २०१३ पासून तिथून सव्वातीनशे किलोमीटरच्या नळांनी अम्मानला पाणी जाते, वर्षाला सुमारे दहा हजार कोटी लिटर. राजधानी तहानलेली आहे, तिला पाणी हवेच. पण ते जुने पाणी. खर्च होईल तसे भरून येणारे नव्हे. ज्या रानाने पाण्याच्या एका घोटापायी पाहुणचाराचा कायदा केला, तिथे आता पाणी नळाने जाते आणि पाहुणा नोंदणीने येतो. तो कायदा किती दिवस टिकेल? काळा तंबू गेल्यावर, उखळाचा ठेका थांबल्यावर टिकेल का? मुलगा मनाने वाईट नव्हता; रात्री थंडी वाढली तेव्हा न सांगता जादा घोंगड्या आणून देणारा तोच होता. त्याच्या हातून हे टिकले तर वेगळ्या रूपात टिकेल. आपल्याकडे तरी दारी आलेल्या अनोळख्याला आधी पाणी आणि मग नाव, हे अजून किती घरांत चालते? आपणही आता दाराच्या भोकातून पाहूनच कडी काढतो.

सकाळी निघताना मुलाशी हिशोब झाला. हिशोब, मुक्काम, मुसाफर, कबूल, दुनिया हे आपले शब्द मूळचे अरबीच. त्यामुळे ऐकताना अधूनमधून घरचे कोणीतरी बोलल्यासारखे वाटे. जाबता तयार होता: तंबू तीन माणसांचे, उंट तीन, मोटार, जेवण. मी पाहिले, तिघांच्या जेवणाऐवजी दोघांचेच लावले होते. मी म्हटले, एक राहिले. मुलगा जरा ओशाळून म्हणाला, "हज्जाचे जेवण वडिलांनी केले. ते माझ्या वहीत येत नाही."

हाजीबाबा निरोपाला उभे होते. तेव्हा कुठे त्यांनी आमची नावे विचारली. मावशीचे नाव दोनदा म्हणून पाहिले. जिभेवर बसेना, तेव्हा पुन्हा 'हज्जा'वरच आले. मावशीने पडशीतून अमळनेरहून आणलेल्या तिळाच्या वड्यांचा पुडा काढून आजीच्या हातात ठेवला. आजीने तिला जमिदीचा एक पांढरा, दगडासारखा गोळा दिला. तो आता मावशीच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. आल्यागेल्याला ती तो दाखवते आणि ताकाची कृती सांगते.

अरबांत पाहुण्याबद्दल एक जुनी म्हण आहे. पाहुणा येतो तेव्हा तो अमीर असतो, बसला की यजमानाचा कैदी होतो, म्हणजे यजमान ठेवील तसे राहायचे, आणि उठून जातो तेव्हा तो शाइर होतो. त्या घराची कीर्त चार ठिकाणी सांगायचे काम मग त्याचे. आपला 'शाहीर' त्याच शब्दातून आला. मला पोवाडा येत नाही. मोटारीचे, उंटांचे, तंबूचे आणि दोन जेवणांचे पैसे मी दिनारांत मोजून दिले आहेत. तिसऱ्या जेवणाचे तेवढे राहिले होते, ते इथे देतो.